चामराजपेटची पहाट, चार चाकांवरचा संसार

पहाटेचे पाच वाजलेत. बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटात झेंडू-शेवंतीचे ढीग लागलेत, भाजीच्या गोण्या धपाधप उतरताहेत आणि हमाल डोक्यावर ओझं घेऊन वाट काढताहेत. या गोंगाटातून माल रिकामा करून बाहेर पडलेल्या पिकअप गाड्या जुन्या किल्ल्याची भिंत आणि टिपूचा उन्हाळी महाल मागे टाकतात आणि चार-पाच मिनिटांत वेगळ्याच मुलखात शिरतात. सरळ आखलेले रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे क्रॉस, मधूनच एखादं कौलारू छपराचं जुनं घर आणि कोपऱ्यावर फिल्टर कॉफीचा वास. हे चामराजपेट!

गाडी कडेला लागते. चालक उतरतो, कॉफीचा छोटा पेला हातात घेतो आणि गाडीभोवती एक फेरी मारतो. जाता जाता प्रत्येक चाकाला चपलेच्या टोकानं एक लाथ. ‘धप्’ असा भरीव आवाज आला की स्वारी खूश. झाली टायरची तपासणी!

काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हीच पद्धत आहे आणि नेमकं इथंच पाणी मुरतं. ज्या टायरातली तिसरा हिस्सा हवा निघून गेलीय, तोही लाथेला ‘धप्’ असंच उत्तर देतो. पाय काही वजनकाटा नव्हे! आणि या चार चाकांवर नुसता फ्लॉवर-कोबी नसतो. बँकेचा हप्ता असतो, पोरांची फी असते, रात्री उशिरापर्यंत दार न लावता जागी असलेली घरची माणसं असतात.

महाराजांची पेठ, शहाजीराजांचं शहर

गाडीच्या चाकांकडे वळण्याआधी या पेठेची थोडी ओळख करून घ्यायला हवी. चामराजपेट वसलं 1892 साली. म्हैसूरचे महाराजा दहावे चामराजेंद्र वडियार यांचं नाव तिला मिळालं. जुन्या गावातल्या पेठा दाटीवाटीच्या, गल्लीबोळांच्या. त्यांच्याबाहेर मोजूनमापून आखलेली ही बेंगळुरूतली सुरुवातीची नवी वसाहत. पुढे 1898 मध्ये प्लेगनं शहर हादरलं आणि मोकळ्या हवेच्या वस्त्यांचं महत्त्व सगळ्यांना पटलं. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम त्यानंतरची. 1915 मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तूही याच चामराजपेटात, पंपा महाकवी रस्त्यावर आहे. कानडी मनाला तिचं महत्त्व तेवढंच, जेवढं पुण्याच्या साहित्य परिषदेचं आपल्याला.

मराठी पाहुण्याला तर हा भाग परका वाटायचं कारणच नाही. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानानं बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शहाजीराजे, त्यांच्यामागून व्यंकोजीराजे, असा जवळजवळ अर्धशतकाचा भोसल्यांचा अंमल इथं होता. 1687 मध्ये ते मोगलांकडे गेलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांनी तीन लाख रुपये मोजून ते आपल्याकडे घेतलं, असं इतिहास सांगतो. चामराजपेटला लागूनच असलेल्या गवीपुरमात मराठा समाजाचा गोसाई मठ आजही आहे.

पण चामराजपेटचा आजचा चेहरा घडवला तो शेजाऱ्यांनी. एका अंगाला न्यू तरगुपेठेतल्या धान्याच्या पेढ्या, पलीकडे कलासीपाळ्यात बसगाड्यांचा आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचा तळ, उत्तरेच्या कडेनं धावणारा म्हैसूर रोड आणि त्यावर 1999 मध्ये खुला झालेला लांबलचक उड्डाणपूल. थोडं पुढे जे. सी. रोड, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. मुंबईकरांनी ऑपेरा हाऊसजवळचा लॅमिंग्टन रोड आठवावा, फक्त रेडिओच्या जागी बेअरिंग आणि ब्रेकशू कल्पावेत! मालवाहू गाडीचा जन्म कुठंही होवो, या भागात आली की तिला हवं ते सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं.

आणि या गाड्यांशी मराठी माणसाचं नातं जुनंच आहे. आपण ज्याला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो ते मुळात एका जर्मन गाडीचं नाव. 1958 मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि तिच्या तीनचाकीनं हा शब्द घरोघरी पोचवला. 2005 मध्ये या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं आणि त्याच वर्षी टाटांची ‘एस’ रस्त्यावर आली, जिला लोकांनी लाडानं ‘छोटा हत्ती’ म्हटलं. पिकअप म्हणजे या छोट्या हत्तीची थोरली बहीण. टन-दीड टन माल सहज नेणारी, शेताच्या बांधापर्यंत जाणारी आणि शहराच्या अरुंद गल्लीतही मावणारी.

ओझं कोण उचलतं?

हा प्रश्न दहा जणांना विचारला तर नऊ जण ‘टायर’ म्हणतील. दहावा कदाचित ‘पाटे’ म्हणेल. खरं उत्तर आहे, हवा! टायर हे हवा कोंडून ठेवणारं भांडं. वजन पेलते ती आतली दाबलेली हवा.

साधा हिशेब करून पाहावा. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर समजा साडेआठशे किलो भार आलाय आणि टायरात साठ पौंड हवा आहे. साठ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वाचार किलो. म्हणजे ते चाक जमिनीला जेमतेम दोनशे चौरस सेंटिमीटर टेकलेलं असतं. पोस्टाच्या कार्डाच्या दीडपट जागा! अख्खी गाडी, तिच्यातला माल, आत बसलेली माणसं हे सगळं अशा चार तुकड्यांवर तोललेलं असतं. ब्रेक लागतो तो याच तुकड्यांवर, वळण घेतलं जातं तेही यांच्याच भरवशावर.

आता हीच हवा चाळीस पौंडांवर आली तर? ओझं तेवढंच, दाब कमी. मग टायरला जमिनीवर जास्त पसरावं लागतं, तीनशे चौरस सेंटिमीटरच्या घरात. चाकाच्या प्रत्येक फेरीला टायरची बगल वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. तार वाकवून तोडायची झाली तर आपण ती पुढं-मागं वाकवत राहतो, मग ती गरम होते आणि तुटते. टायरच्या बगलेत अगदी हेच घडतं. मिनिटाला शेकडो वेळा. आतल्या धाग्यांची रबरावरची पकड सुटते आणि एका क्षणी ‘फट्’! लोक म्हणतात, टायर उन्हानं फुटला. ऊन त्यात सामील असतं खरं, पण बहुतेक वेळा मूळ गुन्हेगार असते कमी हवा आणि जास्त ओझं यांची जोडगोळी.

बेंगळुरूचा चालक इथं हमखास फसतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, पहाट गारव्याची. पण गाडी कृष्णगिरीकडे घाट उतरून तामिळनाडूच्या सपाटीवर गेली की दुपारी रस्ता भाजून काढतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की साठ पौंडांच्या आसपासच्या टायरातला दाब अडीच पौंडांच्या आगेमागे वाढतो. धाब्यावर थांबलेला चालक गेज लावतो, आकडा जास्त दिसतो आणि तो घाबरून हवा सोडतो. ही घोडचूक! तापलेल्या टायरातली हवा कधीच सोडायची नसते. संध्याकाळी टायर थंड झाला की तोच दाब कमी पडतो आणि परतीच्या रात्री भरल्या गाडीला तो महागात पडू शकतो. हवा तपासायची ती सकाळी, गाडी निदान दोन-तीन तास उभी राहिल्यावर, चाक हाताला गार लागत असताना.

किती हवा भरायची? पंक्चरवाल्याचा अंदाज, शेजारच्या चालकाचा सल्ला, ‘मी तर नेहमी इतकीच भरतो’ हे सगळं बाजूला ठेवावं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आणि पुष्कळदा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे दिलेले असतात, रिकाम्या आणि भरल्या गाडीचे वेगवेगळे. टायरच्या बगलेवर छापलेला आकडा मात्र त्या टायरच्या कमाल मर्यादेचा. तो रोजचा आकडा समजून हवा ठासायची नाही. जास्त माल भरला म्हणून जास्त हवा मारली की हिशेब मिटला, हाही एक लाडका गैरसमज आहे. टायरवर वजनाची मर्यादा छापलेली असते. तिच्यापुढे हवा वाढवून काही साधत नाही.

कानडीत हवेला ‘गाळी’ म्हणतात. चामराजपेटच्या नाक्यावर ‘गाळी, गाळी’ अशी हाक ऐकून नवखा मराठी माणूस दचकतो, कुणी शिवी दिली की काय म्हणून! पण या भागात कानाला लागावा असा दुसरा शब्द नाही. खिशातलं गेज काही शे रुपयांत मिळतं. एका नव्या टायरच्या किमतीपुढे ती रक्कम म्हणजे किस झाड की पत्ती.

टायर बोलतो, वाचता यायला हवं

वैद्य नाडी पाहतो, तसा जाणता मिस्त्री टायरची झीज पाहतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला आणि कडा तशाच राहिल्या तर हवा जास्त होती. एकच कड झिजली तर चाकाचा कोन बिघडलाय, अलाइनमेंट करून घ्या. नक्षीवरून तळहात फिरवला आणि एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तरीही अलाइनमेंटकडेच बोट जातं. आणि ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा शॉकअबसॉर्बर तपासायला हवेत. नवा टायर घालून यातलं काहीच बरं होत नाही. रोग गाडीत राहतो आणि नवा टायरही त्याच वाटेनं जातो. पुष्कळ मालक इथंच पैसे घालवतात आणि दोष कंपनीला देतात.

टायर अगदी गोटा होईपर्यंत चालवणं ही आपल्याकडची खास काटकसर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा गाड्यांच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असायला हवी. ती मोजायला पट्टीही लागत नाही. नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की समजावं, टायरची मुदत संपली. पावसात ही नक्षीच चाकाखालचं पाणी बाजूला सारते. जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जिथं संध्याकाळी पाऊस झोडपतो, त्या बेंगळुरूत गोटा टायरवर ब्रेक मारणं म्हणजे शेवाळल्या घाटावर धावण्यासारखंच.

टायरचं वयही बगलेवर लिहिलेलं असतं. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहावेत. 3521 असेल तर टायर 2021 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दुकानात नवा कोरा दिसणारा टायर चार वर्षं गोदामात पडून आहे की काय, हे यावरून कळतं. बगलेला फुगा आलेला दिसला तर मात्र विचार करत बसू नये. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत, त्यावर कुठलाच इलाज नाही. तसंच बगलेचं पंक्चर. ते ‘काढून देतो’ म्हणणारा भेटेलही, पण तिथं पैसे देणं म्हणजे संकट विकत घेणं. खिळा तळव्यात घुसला असेल तर टायर डिस्कवरून उतरवून आतून ठिगळ लावणं हा खरा उपाय. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोचण्यापुरती.

पुढचे टायर आणि मागचे टायर वेगवेगळे झिजतात. पिकअपला मागे ओझं आणि इंजिनचा जोर, पुढे वळणाची घासाघीस. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करायची. घरात कुणी वहीत नोंद ठेवणारं असेल तर उत्तम. दुधाचा हिशेब जिथं लिहिला जातो, तिथंच ‘टायर बदलले, इतके किलोमीटर’ अशी एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर ‘केरला टायर्स’च्या पाट्या सगळ्यांनीच पाहिल्या असतील. देशात रबराची सर्वांत मोठी लागवड केरळात, आणि घासलेल्या टायरवर नवं रबर चढवायच्या धंद्यातही तिथल्या माणसांनी नाव काढलं. रिमोल्ड टायर वाईट नसतो. सांगाडा धड असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झालं असेल तर मागच्या चाकाला तो चालून जातो. पुढच्या चाकाला मात्र नको. मागचा टायर फुटला तर गाडी डगमगते, पुढचा फुटला तर स्टिअरिंगच हातातून ओढून घेते. तसा प्रसंग आलाच तर पाय ब्रेकवर आपटायचा नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मगच कडेला घ्यायची.

जुने टायर घराच्या गच्चीवर किंवा अंगणात ठेवणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना. टायरच्या पोटात साचलेलं चमचाभर पाणीही डेंग्यूच्या डासाला पुरतं. 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं, तेव्हा पाणी साचू देणाऱ्यांना दंडाची तरतूदही केली.

नटांचं दुखणं

टायरइतकंच लक्ष मागते ती डिस्क आणि तिचे नट. चाक बदलताना नट गोल फिरत एकामागून एक आवळले तर डिस्क तिरकी बसते. एक नट, मग त्याच्या समोरचा, अशा पद्धतीनं ते थोडे थोडे आवळत न्यायचे. बसण्याच्या जागी गंज, माती, रंगाचा थर नको. आणि पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या? रस्त्याकडेला हे दृश्य नेहमीचंच. पण त्यानं बोल्ट ताणला जातो, आटे दुखावतात आणि पुढच्या वेळी नट निघता निघत नाही किंवा बोल्टच तुटतो. पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकंच आवळावं आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. हा दुसरा पाना जवळपास कुणीच लावत नाही. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसू लागले तर तो सैल असल्याची ती पहिली खूण.

जॅक लावतानाही घाई नको. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकांना दगडांची ओट आणि नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केलेले. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरासाठीसुद्धा, शिरायचं नाही.

लिंबू आणि कोहळा

वर्षातला एक दिवस मात्र असा येतो की चामराजपेटातली प्रत्येक गाडी नववधूसारखी नटते. नवरात्रातल्या नवमीची आयुधपूजा! आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला गाडीला हार घालतात, पण कर्नाटकात या दिवसाचा थाट काही औरच. आदल्या दोन दिवसांपासून मार्केटच्या रस्त्यांवर केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि कोहळ्यांचे डोंगर. गाड्या धुवून-पुसून लख्ख होतात. चाकांना हळद-कुंकू लागतं. मग प्रत्येक चाकापुढे एक लिंबू ठेवतात आणि गाडी ती चारही लिंबं चिरडत पुढे जाते. कुंकू भरलेला कोहळा फोडला जातो, दृष्ट उतरते. या कोहळ्यांच्या फोडी रस्त्यावर पडून दुचाकीस्वार घसरतात म्हणून त्या उचलून टाकण्याचं आवाहन पालिका आणि पोलीस करत असतात.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण वर्षातून निदान एकदा मालक चाकापुढे वाकतो, त्याची धूळ पुसतो, नक्षीत अडकलेले खडे काढतो, हेही काही कमी नाही. हात तिथवर पोचलेच आहेत, तर व्हॉल्व्हची टोपी जागेवर आहे का हेही पाहावं. एवढीशी ती टोपी, पण ती धूळ-पाणी आत जाऊ देत नाही. लिंबू चार चाकांखाली ठेवतात. पाचवं मात्र पूजेतही वगळलं जातं.

पाचवं, म्हणजे स्टेपनी. हा शब्दही प्रवास करून आलेला. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरच्या भावांनी 1904 मध्ये जादा चाकाची कल्पना बाजारात आणली. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं, ते आजतागायत. त्या काळी गाड्यांना जादं चाकच नसे. आज ते असतं, पण पिकअपच्या पोटाखाली साखळीला टांगलेलं, चिखलानं माखलेलं, महिनोन्महिने विसरलेलं. साखळी गंजते, पेच अडकतो, हवा मुकाट्यानं उतरत राहते.

चामराजपेटात आता चांगलंच उजाडलंय. शाळेच्या रिक्षा धावू लागल्यात. जड गाड्यांनी रस्ता मोकळा करायची वेळ होत आलीय. कडेला उभ्या असलेल्या एका पिकअपची चारही चाकं कंप्रेसरवाल्यानं गेज लावून पाहिलीत, टोप्या बसवल्यात. चालक पैसे काढायला खिशात हात घालतो, तेवढ्यात कंप्रेसरवाला बोटानं गाडीच्या खाली दाखवतो. क्लीनर पोरगा गोणपाट अंथरून पोटावर सरपटत आत जातो, फडक्यानं चिखल पुसतो आणि हाताला लागलेल्या व्हॉल्व्हवर गेज दाबतो.

‘एष्टु?’ बाहेरून प्रश्न येतो. किती?

‘हदिनेंटु!’ गाडीखालून उत्तर. अठरा.

कंप्रेसरवाला काही बोलत नाही. नळीचं भेंडोळं सोडवत तो गाडीखाली टोक सरकवतो आणि बटण दाबतो.